एकाच माणसाचं अंथरूण

टेम्पो आमच्या दारात थांबला तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला असेल. तेवढ्यात ड्रायव्हरशेजारून आमचे हे उतरले आणि माझ्याकडे न बघता मागचं फळकं उघडायला लागले. आत पिवळट रंगाचे जाडजूड तक्ते रचलेले होते, एकेक दाराएवढा. रावेरकडे केळी पिकवायची एक जुनी खोली मोडली होती, तिच्या भिंतींतला हा फोम. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून घालतात तो. एक तक्ता मी उचलून पाहिला तर एका हातानं उचलला गेला, आणि त्याला पिकल्या केळ्यांचा वास होता.

"काय करायचं ह्याचं?" मी विचारलं.

"घर," हे म्हणाले. "लहानसं. आपल्या गाडीच्या मागे जोडायचं आणि फिरायचं. आत झोपायची सोय करायची."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. स्वतःचं घर असलेल्या माणसाला चाकांवरचं दुसरं घर कशाला हवं असतं?

माझा स्वभावच संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते. गॅसची टाकी आली की सील हलवून पाहते. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ यायचा तेव्हा मी एकेका पोत्यात हात घालून बघत असे, म्हणून आणणारा माणूस मला बघितल्यावरच घामाघूम व्हायचा. लोक उगाच काही करत नाहीत, असं माझं मत आहे. कोणी विनाकारण गोड बोलायला लागलं, की मी आधी पर्स सांभाळते.

तर ह्या टेम्पोमागेही कारण असणार होतं आणि ते मला शोधायचं होतं. कारण शोधायला फार लांब जावं लागेल असंही वाटत नव्हतं.

आमचं लग्न झालं तेव्हा मी भडगावच्या शाळेत होते आणि हे दीपनगरला, वीज केंद्रात, बॉयलरच्या दुरुस्तीवर. एकाची तरी बदली होईल म्हणून सुरुवातीला धडपड केली, मग ती सोडून दिली. शनिवारी संध्याकाळी हे भडगावला यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचे. उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि मुलगी दीपनगरच्या क्वार्टरवर राहायला जायचो. नोकऱ्या संपेपर्यंत तसंच चाललं. मुलगी लग्न होऊन सुरतला गेली, आम्ही दोघं निवृत्त झालो आणि जळगावला हे तीन खोल्यांचं घर घेतलं. संसार सगळा करून झाल्यावर आम्ही पहिल्यांदा एका घरात राहायला लागलो. शेजारणी म्हणाल्या, बाई, आता मजा आहे तुमची.

मजा कसली? हे पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायचे, मी आतल्या खोलीत. तसं कोणी ठरवलं नव्हतं. कूलर पुढे होता, ह्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी दिवाणावर स्वच्छ चादर घातली आणि हे तिथे झोपले. मग तेच चालू राहिलं. कपाटात ह्यांच्यासाठी एक कप्पा रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला आणि ह्यांचे कपडे दिवाणाखाली बॅगेत. फ्रिज उघडायच्या आधी हे मला विचारायचे, "थंड पाणी घेऊ का?" जेवण झालं की ताट उचलून मोरीत ठेवायचे आणि म्हणायचे, "छान झालं होतं हो जेवण." मी पण बाहेर जाताना, "येते हं, तुम्हाला काही लागलं तर सांगा," असं बोलायचे. भांडण म्हणून कधी नाही. मला त्या न भांडण्याचाच संशय यायचा. बॅग भरलेली ठेवणारा माणूस कधीही उठून चालायला लागू शकतो, असं ती बॅग झाडताना रोज मनात यायचं.

आणि आता चाकांवरचं घर.

काम अंगणातल्या पत्र्याखाली सुरू झालं. आमची गाडी लहान, तिला जास्त ओढवत नाही, म्हणून सगळं हलकं हवं. लाकूड जवळपास नाहीच. फोमचेच तक्ते कापायचे, एकमेकांना चिकटवायचे, आणि त्यावर सुती कापड सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवून ताणून बसवायचं. वाळलं की त्यावर रंगाचे हात. कापड आणि फोम एकजीव झाले की त्यावर माणूस उभा राहिला तरी वाकत नाही, असं ह्यांचं म्हणणं. खालचा लोखंडी सांगाडा आणि चाकं धुळ्याच्या हायवेवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून आणली. कागदपत्रं आहेत का, असं मी विचारलं. हे म्हणाले, आहेत. मी ती मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. ती खरी निघाली. कागद खरे आहेत म्हणजे बेत पक्का आहे, असं माझ्या लक्षात आलं.

फोम कापायला ह्यांनी माझी पाव कापायची सुरी नेली. त्याचे बारीक दाणे घरभर उडायचे. झटकायला जावं तर ते हाताला चिकटायचे, हाताचे पदराला, पदराचे पोळीच्या पिठाला. एकदा वरणात सापडले. मी ते नुसते काढून ताटाच्या कडेला ठेवले, ह्यांना दिसतील असे.

मग एके सकाळी ह्यांनी खडूनं सांगाड्यावरच्या तळफळीवर आतला नकाशा काढला. मी दारातून मान लांब करून बघितलं. आतली रुंदी जेमतेम चार फूट. डाव्या बाजूला अडीच फुटांची एक पट्टी, त्यात लिहिलेलं, 'झोप'. उजवीकडे उरलेल्या जागेत लिहिलेलं, 'चालायला'. बस्स. झोपायची जागा एक, आणि तीही अडीच फुटांची. आमच्या आतल्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल ह्याहून रुंद असेल.

मी तिथून चहा गाळायला परत गेले आणि चहा ओट्यावर सांडला. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. माणूस निवृत्त होतो, वर्षभर सोबत राहून बघतो, आणि मग एका माणसापुरतं घर बांधायला घेतो. ह्यात समजून घ्यायला आणखी काय राहिलं होतं?

सरळ विचारायचं होतं. पण मी तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. कॉपी करणाऱ्याला सरळ विचारलं की तो नाही म्हणतो. त्याला करू द्यायचं आणि बघत राहायचं. मी बघत राहिले.

ह्यांनी मला माझं वजन विचारलं. "कशाला?" तर म्हणे, चाकांवर भार कसा पडतो ते बघायचंय. बायकोला वजन विचारणारा नवरा मी पहिलाच पाहिला. घरात भंगार काढताना लोक आधी वजनच करतात, असं मी ऐकवलं आणि पाच किलो कमी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या अडीच फुटी पट्टीवर गव्हाची पोती रचून ती वाकते का ते पाहिलं. म्हणजे स्वतःसाठी मजबुती बघणं चाललं होतं.

मग विचारलं, "तू सकाळी कोणत्या कुशीवरून उठतेस?" मी म्हटलं, "मी सरळ उठते." हे असे मधूनमधून मला विचारणार, म्हणजे मीही ह्या बेतात आहे असं मला वाटावं. एवढी काही मी भोळी नाही.

माझी गोधडी दोन दिवस नाहीशी झाली. जुन्या लुगड्यांची, आईनं शिवलेली, मऊ. ती परत आली तेव्हा तिच्या एका काठाला खडूची पूड होती. चांगली गोधडी बरोबर न्यायची म्हणून आत बसते का ते बघितलं असणार, असं मी ताडलं. त्यानंतर ह्यांनी माझ्या शाळेत नेसायच्या सुती साड्या मागितल्या, भिंतींना चिकटवायला. मी दिल्या. नाही कसं म्हणणार? स्टार्च केलेल्या, फिकट निळ्या, काठाच्या. बाहेरून त्यांच्यावर पांढरा रंग बसला, पण आतून, डोकं ठेवायच्या बाजूला, ह्यांनी साडी तशीच ठेवली. काठ नीट आडवा लावला. माझ्या साड्या भिंतीला लावून हा माणूस एकटा गावोगाव हिंडणार, ह्या विचारानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दाराला ह्यांनी बाहेरून एक ठेंगणी पायरी केली. आता हे एवढे उंच की आमच्या घराच्या दारातूनसुद्धा वाकून येतात. ह्यांना पायरी कशाला? सामान चढवायला असेल, असं मी मनात नोंदवलं. मी आत पाय ठेवला नव्हता. बोलावलं तरी गेले नाही. गोंदाच्या वासानं डोकं दुखतं, असं सांगितलं.

ह्यांची मोठी बहीण पिंपळनेरला असते. तिला आम्ही अक्का म्हणतो. न राहवून मी तिला फोन केला आणि अंगणातल्या कारखान्याबद्दल सांगितलं. अक्का काही गोड बोलणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, "त्याले एकलं ऱ्हावानी सवय शे, बाई. दीपनगरले जलम गया त्याना. तू नको मनवर लेऊ."

त्याला एकट्यानं राहायची सवय आहे, मनावर घेऊ नको म्हणे. त्या रात्री मी मनावर घेण्याशिवाय दुसरं काही केलं नाही.

अक्का स्वतःच आठवड्याभरात जळगावला आली, डोळे तपासायला. दवाखाना उरकून दुपारी जेवायला घरी. मी वाटल्या डाळीचे उकडलेले फुनके आणि कढी केली होती. उन्हं तापायला लागली होती, कूलर चालू केला, तिघं जेवायला बसलो. हे उठले आणि फ्रिजपाशी जाऊन मला म्हणाले, "पाणी घेऊ का गं?"

अक्काचा घास हातातच राहिला. तिनं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय रे," ती म्हणाली, "सोताना घरमा पानी इचारीसन लेस?"

"तसं नाही अक्का, तिला काही लागत असेल त्यातलं..."

मी म्हटलं, "अहो घ्या ना, घ्या. बसा तुम्ही, मी देते."

"तुम्ही दोन्ही एकमेकसना पाव्हना शेतस का?" अक्का म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. आम्ही दोघंही हसलो. मला वाटतं, दोघंही खोटंच हसलो.

जेवणानंतर अक्काला आडवं व्हायचं होतं. दिवाण तिला दिला, कारण कूलर तिथे. मी आतल्या खोलीत जाताना ह्यांना म्हणाले, "तुम्ही आत या ना." हे म्हणाले, "नको नको, तू पड निवांत. माझं बघतो मी." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

म्हणजे आपल्या नव्या महालात गेले, हे उघड होतं. आज ह्यांचं काय ते उघड्यावर आणायचं, असं मी ठरवलं. अक्का साक्षीला होतीच. थोडा वेळ जाऊ दिला आणि मी पाय न वाजवता अंगणात गेले. फोमच्या घराचं दार बंद होतं. उघडलं तर आत कोणी नाही.

हे गाडीत होते. पुढची सीट मागे पाडून, दोन्ही दारं उघडी टाकून, गुडघे स्टिअरिंगला लागलेले, एक पाय दारातून बाहेर. तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. रुमाल घामानं ओला झाला होता.

मी तिथेच उभी राहिले. अंथरूण तयार असताना हा माणूस तापल्या गाडीत का मुडपून पडलाय? मला काही उलगडेना. मग मी पायरीवर पाय ठेवला आणि पहिल्यांदा त्या घरात शिरले. गुडघा दुखतो म्हणून मला कुठेही चढताना कशाला तरी धरावं लागतं. इथे धरावं लागलं नाही. आत खरंच गार होतं. मी त्या अडीच फुटी पट्टीवर बसले, मग आडवी झाले.

पायाकडच्या बाजूला पाण्याचं आणि शेगडीचं खोकं बसवलेलं होतं, ते बाहेरून दिसत नव्हतं. माझी पावलं त्या खोक्याला अगदी लागून राहिली. डोकं साडीच्या काठाखाली. इकडे चार बोटं नाही की तिकडे चार बोटं नाही. मी सव्वापाच फूट पण नाही. हे इथे झोपले असते तर ह्यांचे पाय गुडघ्यापासून खोक्यावर ठेवावे लागले असते. उजव्या कुशीवर वळले तर खिडकी बरोबर डोळ्यांसमोर आली. मी उजव्याच कुशीवर झोपते.

मी किती वेळ पडून होते मला माहीत नाही. एवढं सगळं तपासणारी मी, आणि अंथरुणाची लांबी तेवढी मोजली नव्हती.

मग उठले, गाडीपाशी गेले आणि ह्यांचा तो बाहेरचा पाय धरून हलवला.

"तुम्ही कुठे झोपणार होता?"

हे दचकून उठायला गेले आणि डोकं छताला आपटलं. "कधी?"

"फिरायला गेल्यावर! आत एकच अंथरूण आहे. माझ्या मापाचं. तुम्ही कुठे?"

"इथे," हे म्हणाले, सीटवर हात ठेवून. "ही मागे पडते की पूर्ण. जवळजवळ पूर्ण."

"का?"

हे रुमालानं मान पुसत राहिले. "तुला शेजारी कोणी असलं की झोप येत नाही ना," असं मग सावकाश म्हणाले. "भडगावला मी यायचो तेव्हा तू मला खाट द्यायचीस आणि स्वतः पोरीला घेऊन खाली झोपायचीस. मी कितीदा म्हटलं, ये वर. तू म्हणायचीस, नको, तुम्ही पडा निवांत. इथे आलो तर तू पहिल्याच दिवशी माझं अंथरूण पुढच्या खोलीत घातलंस. मी समजायचं ते समजलो."

माझा संताप अनावर झाला. "अहो, तुम्ही आठवडाभर राबून एसटीनं यायचात! खाट एक. ती तुम्हाला नाही द्यायची तर कोणाला? आणि दीपनगरला? तिथे तुम्ही मला आणि पोरीला पलंग देऊन स्वयंपाकघरात सतरंजीवर नाही झोपायचात? मी बोलावलं की, मला फरशी बरी वाटते म्हणायचात! मला वाटलं, तुम्हालाच एकटं बरं वाटतं!"

"तू पाहुणी यायचीस," हे म्हणाले. "पंधरा-वीस दिवसांसाठी. तुला खाली कसं झोपवणार?"

घरी आलेल्याला खाट आणि घरच्यानं खाली, ही आमच्याकडची साधी रीत. ती दोघांनीही इमानानं पाळली होती. ह्या गावी हे पाहुणे, त्या गावी मी पाहुणी. दोघांचं म्हणून घर कधी नव्हतं, आणि झालं तेव्हाही दोघं समोरच्याला चांगली जागा देत बसलो होतो. ह्यांना वाटत होतं की मला ते नकोत, आणि मला वाटत होतं की ह्यांना मी नको. संशयाच्या बाबतीत हे माझ्याहून कमी नव्हते, फक्त गप्प होते.

"ते अंथरूण मोडा," मी म्हणाले.

"मोडू? दोन थर चिकटवलेत त्याचे."

"मोडा. दोघांचं करा."

"चार फुटांत? तुला अडचण होईल गं."

"होऊ दे मला अडचण!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की अक्का उठून दारात आली. मी अंगणात उभी राहून हुंदके देत होते. अक्कानं विचारलं काय झालं, आणि कोणीच सांगेना, तेव्हा ती म्हणाली, "चहा टाकस मी," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाव कापायची सुरी पुन्हा बाहेर आली. अंथरूण कापायला हे कचरत होते, मी वरचा थर स्वतः उचकटला. चालायची जागा रद्द केली. चालायचं असेल तर बाहेर उतरून चालावं, जागेला काय कमी आहे! पाण्याचं आणि शेगडीचं खोकं फोमच्या घराच्या मागच्या अंगाला बाहेर काढलं, वरून उघडायच्या झाकणाचं. त्यानं सगळी लांबी मोकळी झाली आणि ह्यांचे पाय मावले. अंथरूण भिंतीपासून भिंतीपर्यंत. भार चाकांच्या बरोबर वर यायला हवा, म्हणून ह्यांनी पुन्हा माझं वजन विचारलं. ह्या वेळी मी खरं सांगितलं. ह्यांनी लगेच चाकं वीतभर मागे सरकवली.

वाद झाला तो खिडकीवरून. खिडकी एकच, उजव्या भिंतीत. "खिडकीची बाजू तू घे," हे म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला उकडतं, तुम्ही घ्या." "नको, तू घे." "अहो, तुम्ही." आणि दोघं एकदम थांबलो. ह्यांनी पेन्सिल घेतली, डाव्या भिंतीवर दुसरी खिडकी आखली आणि भोक पाडलं. त्यामुळे भिंत जरा लेचीपेची झाली, तिला साडीचे आणखी दोन थर द्यावे लागले. हरकत नाही.

एवढं झालं तरी माझं मन निवळलं असं म्हणता येणार नाही. स्वभाव आहे. घरात अजून दिवाण होताच आणि हे अजून त्याच्यावरच झोपत होते. अंथरूण मोठं केलं ते माझ्या रडण्याला घाबरून केलं असेल, अशी शंका मला येत होती. भला माणूस आहे, बायको रडली तर भिंतसुद्धा पाडेल. पण भलेपणानं शेजारी झोपलेला माणूस मला नको होता. भलेपणा भरपूर झाला होता.

पहिला प्रवास अक्काच्या गावचा ठरला. गोंद वाळला, रंग वाळला, आणि एका सकाळी आम्ही निघालो. ट्रक शेजारून गेला की आमचं ते पांढरं घर मागे जरासं डुलायचं आणि हे आरशात बघून ओठ चावायचे. धुळ्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. धुळं मागे टाकून साक्रीच्या रस्त्याला लागलो आणि एका शेताच्या बांधावर चिंच दिसली तिथे ह्यांनी गाडी सावलीत घेतली. शेतमालक विहिरीच्या मोटारीपाशी होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, थांबा की, झाडाले काय लागस. भाकरी खाल्ली. मग दोघांनाही जांभया यायला लागल्या आणि दोघंही जांभया लपवायला लागलो.

"तू पड आत," हे म्हणाले. "मी जरा..." आणि गाडीच्या सीटकडे बघितलं.

मी नुसतं बघितलं ह्यांच्याकडे. वर्गात बघायचे तसं. हे चप्पल काढून आत आले.

चार फूट म्हणजे किती कमी असतात, ते आडवं झाल्यावर कळलं. ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला, तो ह्यांनी आखडून घेतला. हात पोटावर घट्ट धरले. भिंतीला एवढे चिकटले की मला वाटलं, फोम दबेल. दोन्ही खिडक्यांतून वारा येत होता. मी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. हे झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाचा श्वास असा मोजून घेतल्यासारखा नसतो. म्हणजे हे नुसतं सहन करणं चाललं होतं, मला बरं वाटावं म्हणून. घरी गेल्यावर ह्यांची बॅग पुन्हा दिवाणाखालीच जाणार, असं मनात आलं.

बराच वेळ गेला. मग हे अगदी हळू म्हणाले, "जागी आहेस का? कूस बदलू का?"

एवढी वर्षं झाली लग्नाला, आणि हा माणूस मला कूस बदलायची परवानगी विचारत होता. बदला ना, बदला, घर आपलंच आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते आपण पाहुण्यांनाच म्हणतो. ते मी गिळलं. आणि ह्यांच्या बरगडीत कोपर मारलं, चांगलं जोरात.

"सरका तिकडे," मी म्हणाले. "किती जागा अडवलीय!"

वाटलं, आता उठतील, माफ कर म्हणतील आणि सीटवर जाऊन झोपतील. मग अंथरूण हललं. ह्यांनी सगळ्या अंगानिशी माझ्याकडे कूस बदलली, गुडघा माझ्या मांडीला टेकवला, आणि ढकलून म्हणाले, "मी कुठे अडवलीय? तूच सरक की."

ह्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सरकायला सांगितलं. मी सरकले नाही.